पेन्सिलीचा पहिला नंबर

चैत्र लागला की आमच्याकडे बराखी झाडायला काढतात. बराख म्हणजे कांदा साठवायची फळ्याफळ्यांची लांबट खोली, चारी बाजूंनी वारा खेळणारी. मागच्या सालचा कांदा केव्हाच विकून गेलेला असतो, तरी फळीच्या फटीत एखादा अडकून राहतोच. वरून शाबूत दिसतो, साल तांबूस, चकचकीत. उचलायला बोट लावलं की बोट आत जातं. मग तो वास दिवसभर हाताला राहतो. राखेने घासा, लिंबाने घासा, दुपारी भाकरीचा घास तोंडाशी नेला की भाकरीच्या आधी तो येतो. यंदा मी तसलाच एक कांदा उचलला आणि त्याच वेळी कमरेला खोचलेला मोबाईल वाजला.

शेजारच्या गावच्या यात्रेचं पत्रक आलं होतं. गावाचं नाव सांगत नाही, नावं ठेवायला नाव लागत नाही. वर देवाचा फोटो, त्याखाली देवापेक्षा मोठे कमिटीचे फोटो, मग बैलगाड्यांच्या शर्यती, कुस्त्या, आणि तळाला गुलाबी पट्टीत मजकूर होता. रॅप स्पर्धा, खुला गट. तसेच लोकाग्रहास्तव पुन्हा सुरू, महिला गट. पट्टीच्या कडेला एका बाईचा गोल फोटो. चष्मा, मोठं कुंकू, ओठ घट्ट मिटलेले. फोटोखाली ‘महिला गट संकल्पना’ असं लिहून त्या बाईचं नाव टाकलेलं. ती बाई मी.

मी सडक्या कांद्याच्या हाताने तो मोबाईल तसाच धरून उभी राहिले.   पुरस्काराला संकल्पना असते, इतिहास असतो, आणि ह्या पुरस्काराचा इतिहास लिहायला बसलं तर पहिल्याच पानावर माझं अक्षर सापडेल. तेही चांगलं वळणदार.

मी राजुरीच्या ग्रंथालयात तीस वर्षं पुस्तकं देते-घेते. घरी कांदा, थोडा ऊस, दोन म्हशी. गाण्याशी माझा संबंध दळण-कांडणापुरता आणि भजनी मंडळात मागच्या रांगेत टाळ वाजवण्याइतका. पण गावोगावच्या स्पर्धांना परीक्षक तीन लागतात. दोन पुरुष आधी ठरतात, मग कुणाला तरी आठवतं की एक बाई पाहिजे. अशी बाई शिकलेली हवी, चष्म्याची असली तर उत्तम, आणि वाद घालणारी नको. त्यामुळे निबंधाला मी, रांगोळीला मी, पाककृतीला मी, आणि चार वर्षांपूर्वी पोरांनी हट्ट धरून यात्रेत रॅपची स्पर्धा घेतली तेव्हा तिलाही मी. पत्रकावर माझ्या नावापुढे ‘महिला प्रतिनिधी’ असं छापलेलं असतं. बाकी दोघांपुढे ‘परीक्षक’ असतं. इतकी वर्षं मला त्यात काही खटकलं नाही, आणि आता त्याचीच शरम वाटते.

त्या चैत्रात आमच्याकडे कांदा काढायला तळेघरकडच्या बायकांची टोळी होती. तिकडे डोंगरात भात-नाचणी निघाली की पुढे कामं नसतात, म्हणून त्या खाली उतरतात. पिकअपमधून येतात, विहिरीजवळच्या शेडमध्ये तीन आठवडे राहतात, चूल मांडतात आणि कांदा संपला की दुसऱ्याच्या शेतात जातात. टोळीची म्होरकी सुनंदा, शांत बाई, हात मात्र विजेसारखा. तिच्याबरोबर तिची कॉलेजात जाणारी मुलगी कोमल होती. परीक्षा आटोपून आली होती, अंगाने किरकोळ, डोक्याला भावाची टोपी.

उपटलेला कांदा ओळीने पसरलेला असतो. बायका उकिडव्या बसून विळ्याने पात कापतात आणि कांदा मागे टाकतात. कापला, टाकला, कापला, टाकला. त्याला एक ठेका असतो. वीस विळे चालत असले की बांधावरून ऐकायला बरं वाटतं. पहिल्या दिवशी मी चहा घेऊन गेले तर त्या ठेक्यावर कुणीतरी भरभर भांडत होतं. मला वाटलं, जुंपली दोघींची. जवळ जाऊन बघते तर कोमल एकटीच बोलत होती, मान खाली, हात चालू, आणि बाकीच्या बायका हसू दाबत होत्या. ती जे बोलत होती त्याला यमक होतं. शब्द विळ्याच्या ‘कापला’वर सुटत होते आणि ‘टाकला’वर बरोबर पडत होते.

तळेघरची वाट, चढाला आठ वळणं,
पायात तुटकी पट्टी, तरी थांबत नाय चालणं.
यस्टी गेली काल, उद्याची काय खात्री?
कालेज माझं नवाला, मी निघती अर्ध्या रात्री.

मी चहाची किटली धरून उभी. ग्रंथालयात तीस वर्षांत माझ्या हाताखालून किती कवितासंग्रह गेले असतील. त्यातले पुष्कळ मी झोप येत नाही म्हणून वाचले आणि मला झोप आली. ह्या चार ओळींनी माझा चहा गार झाला. मी तिला विचारलं हे काय, तर म्हणाली, रॅप हाय काकू. कुणाचं, तर म्हणाली, माझंच. सुनंदा लाजून म्हणाली की घरीबी अशीच बडबडती, म्हशी बिचकत्यात.

स्पर्धेचा कागद मीच तिच्याकडे नेला. तिला पटत नव्हतं. परगावची, त्यात मजुरीला आलेली, वर रॅप. मी तिला तोंड भरून सांगितलं की तू नुसती ये, गुण द्यायला मी बसलेय तिथे. हे वाक्य मी बोलले आहे. नंतर पुष्कळदा वाटलं, बोललेच नव्हते असं ठरवून टाकावं. जमत नाही.

आमच्या भागातल्या परीक्षणाची एक रीत आहे, ती बाहेरच्या माणसाला ठाऊक नसते. परीक्षकाला गुणतक्त्याबरोबर पेन्सिल देतात. पेन नाही. गुण पेन्सिलीने मांडायचे, बेरीज पेन्सिलीने करायची. मग मंडपामागे कमिटीबरोबर चहा होतो, आणि चहानंतर कमिटी एक कोरा तक्ता आणते, त्यावर पेनाने निकाल उतरवायचा आणि सह्या करायच्या. का, तर खाडाखोड दिसू नये म्हणून. मीही कित्येक वर्षं तेच समजत होते. निबंधात नववीच्या मुलाचे दोन गुण इकडचे तिकडे झाले तर जग बुडत नाही, असंही समजत होते.

त्या दुपारी मंडपात ऊन पांढरंफेक होतं. शर्यतीचा घाट, म्हणजे बैलगाडे पळतात तो चढाचा पट्टा, मंडपापासून हाकेच्या अंतरावर, तिकडून मधूनमधून भिर्रर्र ऐकू यायचं आणि मंडपातली निम्मी माणसं माना वळवायची. स्पर्धेला पंधरासोळा पोरं होती आणि कोमल. पोरांनी काळे चष्मे लावलेले, गळ्यात साखळ्या. प्रत्येक जण कुठल्या तरी गल्लीचा राजा होता. ज्यांच्या गावाला दोनच आळ्या आणि एक वेस, ती पोरं हिंदीतून गल्लीबद्दल सांगत होती. दोघांनी शिव्या दिल्या त्याला लोक हसले, एकाने मुलीबद्दल असं काही म्हटलं की मी खाली मान घालून पेन्सिलीला टोक केलं. शेजारी बसलेले दुसरे परीक्षक, फोटो स्टुडिओवाले, मात्र मान डोलवत होते, पोरात जोश हाय म्हणाले. पोरांत सगळ्यात शेवटी आला कमिटीच्या अध्यक्षांचा पुतण्या. अध्यक्षांना सगळे आप्पा म्हणतात. हा पुतण्या बुलेटवर बसून थेट मंडपात आला, ती तशीच फडफडत ठेवून वर चढला आणि स्ट्रगलबद्दल गायला लागला.

कोमलचा नंबर त्याच्या आधी दोन होता, पण पुकारणाऱ्याने तिला मागे टाकलं. म्हणाला, आपल्या ताईला शेवटी घेऊ, गोड शेवट. ती आली तेव्हा त्याने माईक तिच्या हातात देण्याआधी स्वतःच पाच मिनिटं वापरला. वाघीण म्हणाला, जिजाऊची लेक म्हणाला, टाळ्या वाजवून घेतल्या. अजून ती बिचारी तोंड उघडायची होती. मग तिने टोपी काढली, माईकवर बोटाने ठेका धरला, कापला-टाकलाचा. आठ वळणं घेतली, एसटी घेतली, आणि मग मंडपात अजून फडफडणाऱ्या बुलेटकडे बघून त्याच ठेक्यात म्हणाली,

तू म्हनतो स्ट्रगल, भावा, सांग कुठं केला?
बापाच्याच बुलेटवर तू स्टेजपातूर आला.

 मग मागून बायकांच्या बाजूने जो आवाज उठला तो मी आमच्या भागात फक्त घाटात ऐकलाय. घाटावरची माणसं मंडपाकडे बघायला लागली. कुणीतरी पळत जाऊन बुलेट बंद केली. मी त्र्याण्णव गुण दिले. तिघांची बेरीज केली तरी ती पहिली होती. पुतण्या दुसरासुद्धा नव्हता, चौथा होता.

मंडपामागे चहा आला. तिसरे परीक्षक, चित्रकलेचे निवृत्त सर, म्हणाले की पोरगी चांगली बोलली, पण तिला लिहून कुणी दिलं असेल? स्टुडिओवाले म्हणाले की लहेजा बरा आहे, पाठांतर पक्कं आहे. मग आप्पा आले. आप्पा आवाज चढवणाऱ्यातले नाहीत. ते खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले आणि आधी ग्रंथालयाच्या पत्र्याची चौकशी केली. पावसाळ्यात आमच्या कपाटांवर पाणी गळतं हे त्यांना ठाऊक होतं. वळवाच्या आत माणसं पाठवतो म्हणाले. मग म्हणाले की पहिल्या नंबराचं गाणं पुण्याच्या स्टुडिओत रेकॉर्ड व्हायचंय, तीन दिवस तिथे राहायला लागेल, परगावच्या मजुराच्या पोरीला कुणी पाठवायचं, उद्या काही कमी-जास्त झालं तर नाव कुणाचं जाईल? आणि मग त्यांनी ते वाक्य टाकलं.

“म्याडम, पोरीवर अन्याव करा आसं कोन म्हनतंय? तिचा बी पहिला नंबर काढू. बायांचा येगळा. दोघं बी पहिली, कुनाचंच मन मोडायचं नाय.”

दोघंही पहिली. ऐकायला किती गोड. पुस्तकं वाचून वाचून माझ्यासारख्या बाईला गोड वाक्याची इतकी सवय झालेली असते की त्यातला किडा दिसायला वेळ लागतो. खरं म्हणजे मला तो तेव्हाच दिसला होता. एका मुलीच्या गटात एक मुलगी पहिली आली, ह्यात स्पर्धा कुठली? पण समोर तीन पुरुष चहा पीत होते, पत्रा डोक्यात होता, आणि माझ्या हातात कुणीतरी पेन दिलं. गटाला नाव काय द्यायचं त्यांना सुचेना. ते मी सुचवलं. ‘विशेष महिला रॅप पुरस्कार’. माझ्या वळणदार अक्षरात वर शीर्षक घातलं, खुल्या गटात चौथ्या पुतण्याचं नाव पहिलं उतरवलं, खाली सही केली. त्या पुरस्काराचा जन्म असा झाला, चहाच्या कपाखाली, आणि सुईण मी.

पुढचं सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगते. पुतण्याला फेटा, ढाल, पुण्याचं रेकॉर्डिंग, आणि घाटात बैलगाडीत उभं करून मिरवणूक. कोमलला साडी आणि नारळ. साडी सहावारी, तीही पोपटी. पुकारणारा म्हणाला, आता आपल्या मॅडम ताईला हळदीकुंकू लावतील. मी लावलं. तिने कपाळ पुढे केलं आणि माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर मला झोप लागली असती. ती नुसती विचारात पडल्यासारखी बघत होती, एखादा हिशेब कुठे चुकला ते शोधत असल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी टोळी नेहमीसारखी रानात आली. त्या पोपटी साडीची सुनंदाने पाण्याच्या हंड्यावर सावली केली होती, चार काठ्यांना चार टोकं बांधून. मी चहा घेऊन गेले तेव्हा विळे चालू होते आणि बोलणं बंद होतं.  मग कोमलने मान वर न करता विचारलं,

“काकू, घाटात गाडा बाईच्या नावावर पळत्यो, तवा त्याला येगळं घड्याळ लावत्यात का?”

आमच्याकडे बैलगाडा कितीतरी वेळा मालकाच्या बायकोच्या, लेकीच्या नावावर नोंदवतात. पुकारणारा तिचं नाव पुकारतो, बैल घाट चढतात, आणि घड्याळ सांगेल ते सेकंद. आजवर कुणाला वाटलं नाही की बाईच्या नावाच्या बैलाला वेगळा नंबर काढावा. तसं केलं तर बैलसुद्धा हसतील. बैलाला घड्याळ आणि पोरीला पेन्सिल, असा आमचा न्याय. मी किटली ठेवली आणि म्हशींचं निमित्त करून घरी आले.

दोन दिवसांनी तिनेच मोबाईल दाखवत सांगितलं की अमेरिकेतल्या मोठ्या गाण्यांच्या पुरस्कारातही हे होऊन गेलंय. रॅप करणाऱ्या बायांसाठी तिथेही वेगळा गट काढला होता, दोनच वर्षं दिला आणि मग मोडीत काढून सगळ्यांना एकत्र केलं. त्यावर तिथल्या लोकांत दोन तट आहेत म्हणे. कुणी म्हणतं, वेगळा गट होता म्हणून निदान एका बाईचं नाव तरी दरवर्षी पुकारलं जायचं. कुणी म्हणतं, वेगळा गट म्हणजे वेगळी पंगत, तीही उरल्यासुरल्यावर. कोमलला दोन्ही पटत होतं. तिचं म्हणणं एवढंच की जेवायला कुठंही बसवा, पण जे वाढायचं ते जेवायच्या आधी सांगा, घास घेतल्यावर ताट उचलू नका. मी तेव्हा हसले. एवढ्या शहाण्या मुलीला मी साडी दिली ह्याची लाज हसण्यात लपते असं मला वाटलं असावं.

पुढल्या चैत्रात टोळी आली, कोमल आली नाही. यात्रेत मात्र महिला गट रीतसर झाला, नियमांसकट. पुरुषांना पाच मिनिटं, महिलांना दोन. विषय ठरवून दिलेले, आई, लेक, पाणी, स्वच्छता. पोशाख मराठमोळा. रॅपला पोशाख मराठमोळा म्हणजे काय हे मी विचारलं, तर आप्पांचा माणूस म्हणाला की नऊवारीत शोभून दिसतं. वेळ सकाळची, जेव्हा सगळं गाव घाटात असतं. मंडपात आम्ही तीन परीक्षक, चार स्पर्धक, त्यांच्या आया आणि एक कुत्रं. साउंडवाला एका पोरीच्या मध्येच हॅलो हॅलो करायला लागला. दुपारच्या खऱ्या स्पर्धेसाठी त्याला माईक तपासून ठेवायचा होता, तो त्याने महिला गटात तपासून घेतला. पाण्यावर कविता म्हणणारी सातवीतली मुलगी पहिली आली. तिच्या आईने मला वाकून नमस्कार केला आणि मी तो घेतला.

तिसऱ्या वर्षी गट बंद. कारण दिलं, प्रतिसाद नाही. त्याऐवजी उखाण्यांची स्पर्धा ठेवली, तिला तुडुंब गर्दी. खुल्या गटात दोन मुली नाव द्यायला गेल्या तर त्यांना सांगितलं की हा पोरांचा हाय, बायांसाठी येगळा होता की, तुमीच आला न्हाई. मागच्या वर्षी कुणी विचारलंही नाही. आणि यंदा लोकाग्रहास्तव. कुठल्या लोकांनी आग्रह धरला, असं मी पत्रक आलं त्या दिवशी फोन करून विचारलं. उत्तर मिळालं की पाहुण्या बाई येणार आहेत, त्यांच्या हातून द्यायला काहीतरी महिलांचं पाहिजे.

त्या रात्रीचं जेवण मला गेलं नाही. हे असं आहे तर. एक पोरगी जिंकते म्हणून गट काढायचा, फोटो हवा म्हणून ठेवायचा, अडचण व्हायला लागली की मोडायचा, आणि पाहुणीच्या हाताला काम हवं म्हणून परत उकरायचा. चार वर्षांत ह्या पुरस्काराचं सगळं झालं. रॅप तेवढा कुणी ऐकला नाही. बोहारणीसुद्धा कपडा घेण्याआधी उलटा-सुलटा करून बघतात. मला कमिटीची किळस आली, पण तिचं काही विशेष नाही, ती येतेच. माझं नाव संकल्पनेखाली बघून मला माझी आली, आणि ती गिळता येईना.

पहिल्या वर्षीचा पेन्सिलीचा तक्ता माझ्याकडे होता. कमिटीने फाडून टाका म्हणून सांगितलेलं असताना मी तो ग्रंथालयात नेऊन देणग्यांच्या जुन्या वहीत ठेवला होता. का ठेवला ते त्या वेळी कळलं नाही. बहुतेक शहाण्या लोकांची हीच खोड असते, वेळेवर बोलायचं नाही आणि पुरावा मात्र जपून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो घेऊन मी आप्पांच्या मीटिंगला गेले. देवळाच्या सभामंडपात सतरंजीवर दहाबारा जण बसले होते. मी सांगितलं की माझं नाव काढा, आणि त्या वर्षीचा खुल्या गटातला पहिला नंबर कुणाचा होता ते ह्या वर्षी माईकवरून जाहीर करा. तक्ता मध्ये ठेवला.

आप्पांनी तो डोळ्यांशी नेऊन बघितला. आकडे पुसट झाले होते, पण वाचता येत होते. मग त्यांनी आपल्या माणसाला फाईल आणायला लावली. चार वर्षांपूर्वीचा निकाल त्यांनीही जपून ठेवला होता. माझं वळणदार शीर्षक, खाली तीन सह्या, तिसरी माझी, निळ्या शाईत.

“म्याडम, ह्ये पेन्सिलीनं हाय,” आप्पा म्हणाले. “अन् ह्ये पेनानं. आता कुनाचं खरं धरायचं ते तुमीच सांगा.”

सतरंजीवर कुणी हसलं नाही. मला आदराने चहा दिला. नाव काढतो म्हणाले, फोटोचं फ्लेक्सवाल्याला सांगतो. मी तक्ता उचलला आणि चहा तिथेच ठेवून निघाले. इतक्या वर्षांत कमिटीचा चहा मी पहिल्यांदा नाकारला, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

सुनंदाकडून कळलं होतं की कोमल आता महाळुंगे पडवळला मावशीकडे राहते, जवळच्या रोपवाटिकेत कामाला जाते. मी घरी न जाता तशीच एसटीने नारायणगाव, तिथून कळंब, आणि पुढे जीपने गेले. वाटेत दोन्ही बाजूंना कांदा काढणी चालू होती. खिडकीतून तोच वास, हिरव्या पातीचा, तिखट, ताजा. ह्या वासावर माझं तीस वर्षं प्रेम होतं. आता त्यातून चहाचा आणि हळदीकुंकवाचा वास येतो, आणि ह्याबद्दल मी कुणावर फिर्याद करणार?

रोपवाटिकेत पांढऱ्या कापडाखाली ऊन गाळून आलेलं होतं. कोमल एका लांब टेबलाशी उभी राहून खाचांच्या काळ्या ट्रेमध्ये खत-माती भरत होती, एका खाचेत एक बी टाकत होती. अंगाने अजून तशीच किरकोळ. ओठ हलत होते, बोटं ठेक्यात पडत होती. मी जवळ गेले तशी ती थांबली. आधी ओठ थांबले, मग बोटं. काकू म्हणाली, स्टूल दिलं, पाणी दिलं. आईची चौकशी झाली, म्हशींची झाली. अजून लिहितेस का विचारलं तर म्हणाली, लिहीत नाय, बडबडती. रेकॉर्डिंगचं विचारायचं धाडस मला झालं नाही. तिनेच सांगितलं की पुतण्याचं गाणं झालंच नाही, तो दुसऱ्याच दिवशी कंटाळून परत आला.

मग मी पिशवीतून तक्ता काढला आणि तिच्यापुढे धरला. तिने मातीचे हात मागे पुसले, पण कागद हातात घेतला नाही, तसाच वाकून वाचला. तिच्या नावापुढे त्र्याण्णव, खाली तिघांची बेरीज. मी म्हणाले की तूच पहिली होतीस, सगळ्यांत, हे तुला माझ्या तोंडून सांगायला आले. म्हणाली, मला म्हाईत व्हतं. मी म्हणाले, मला त्यांनी पेन्सिल दिली होती गं, आमच्याकडे परीक्षकाला पेन्सिलच देतात.

ती पुन्हा ट्रेकडे वळली. तीनचार खाचा भरल्या, तीनचार बिया टाकल्या.

“सही कशानं केली व्हती, काकू?”

तिने ते अगदी हळू विचारलं. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. मी कागदाची घडी घातली. तिने भरलेला ट्रे बाजूला सारला, कोरा पुढे ओढला आणि माझ्यासमोर माती भरत राहिली, ठेक्याशिवाय.